दादाची राहिलेली फेरी

पिंगळीच्या शाळेत वर्गावर होते तेव्हा परभणीहून फोन आला. दादाच्या खोलीचे मालक बोलत होते. "ताई, लवकर या..." एवढंच. पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. हृदयविकाराचा झटका.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले आम्ही दोघंच. मी बी.एड. करून थांबले, दादा पीएच.डी.ला लागला. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. त्याचा विषय सांगायला सोपा. टॉवर मधे न घेता दोन फोन थेट जोडले आणि दोन्ही चालत्या गाड्यांवर असले, तर ती जोड किती वेळ टिकते? एक फोन त्याच्या मोटारसायकलवर, एक माझ्या स्कूटीवर. रविवारी पिंगळीच्या रस्त्यावर आमच्या फेऱ्या चालायच्या. "वेग सारखा ठेव अन् मधी कुठं थांबू नको," एवढीच त्याची अट.

पण ओळखीचं माणूस दिसूनही गाडी न थांबवता पुढं जाणं म्हणजे आमच्याकडं अपमान. एकदा मी नुसता हात हलवून गेले, तर संध्याकाळी चुलती दारात. "शिकली म्हणून वळख बी द्यायची न्हाई का गं?" पुढच्या फेरीला मी थांबले. मागं बघते तर दादाही कुणाच्या तरी म्हशीची चौकशी करायलाय!

"तू का थांबलास रे?"

"मामा होते की गं, कसं जाऊ?"

सगळे आकडे बिघडले. लय हसलो. मग तोच म्हणाला, "सूत्रातली माणसं थांबतच न्हाईत. आपली थांबतात. ते हिशोबात धरावंच लागंल." त्याच्या सरांना पटेना. थांबलेल्या फेऱ्यांचे आकडे गाळ म्हणाले, यानं गाळले नाहीत. प्रबंध अडकला तो त्यावरच.

दादा गेल्यावर सर भेटायला आले. म्हणाले, "त्याचं बरोबर होतं. एक फेरी राहिलीय, तेवढी झाली की लेख त्याच्या नावानं छापू." ते गेल्यावर आईनं विचारलं, "त्यो नेमकं काय मोजायलता गं?"

"दोन चालती माणसं किती वेळ एकमेकांच्या टप्प्यात राहतात, ते."

"मग... किती येळ?"



गेल्या रविवारी ती राहिलेली फेरी करायला निघाले. दुसऱ्या गाडीवर कुणाला बसवावं ठरेना, बसवावंसंही वाटेना. दोन्ही फोन माझ्याच पर्समध्ये टाकले. रस्त्यात कुणी हाक मारली नाही. दुखवट्यातल्या बाईला काय विचारावं, म्हणून माणसं नजर चुकवत होती. फाट्यावर पर्स उघडली. दोन्ही पडद्यांवर जोड शाबूत, सेकंद पुढं सरकायलेत...

असली फेरी सरांच्या काही कामाची नाही, एवढं मला कळतं. तरी रोज सकाळी दोन्ही फोन चार्ज झालेत का बघते आणि पर्समध्ये शेजारी शेजारी ठेवून शाळेला निघते.