गोठ्यातला राऊटर आणि तळीचा पाचवा गडी

मी बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... म्हणून हे लिहावं की नाही, याचा लई विचार केला.

अणदूरजवळ शेतातच आमचं घर आहे. मागं गोठा, आणि गोठ्यापलीकडं लिंबाखाली खंडोबाचं ठाणं. चंपाषष्ठीला तिथं तळी उचलतो. भंडारा-खोबऱ्याचं ताट घरच्याच पाच गड्यांनी मिळून उचलायचं — माझे वडील अण्णा, दोन चुलते, दादा आणि मी. दादा फौजेत आहे. यंदा त्याला सुट्टी मिळाली नाही.

थोरले चुलते म्हणाले, "शेजारच्या कुणाला तरी घेऊ की."

"पाचवा गडी माझा ल्योक हाय, भावजी," आई म्हणाली. "त्याच्याबिगर ताट उचलायचं न्हाय."

मी भीत भीत बोललो, "दादाला व्हिडिओ कॉलवर घेऊ. मोबाईल ताटात ठेवू."

आठ दिवसांत आई पहिल्यांदा हसली. "जमंल का रं?"

जमेल म्हणालो खरं. पण ठाण्यापाशी मोबाईलला रेंज नसते, आणि घरातलं वायफाय गोठ्याच्या भिंतीशीच संपतं. मित्रांकडून दोन जुने राऊटर आणले. घरातल्या मोडेमपासून केबल ओढून एक गोठ्याच्या खिडकीत बसवला. दुसरा लिंबाच्या फांदीला — तो गोठ्यातल्याचं वायफाय पकडून पुढं देणार. मोडेम आणि दोन्ही राऊटर, तिघांचे आयपी पत्ते आपसांत भांडत होते, ते मिटवण्यात सकाळ गेली.

दुपारी कॉल लागला. मोबाईलवर लिंबावरच्या राऊटरचं नाव, रेघा पूर्ण. ताटात दादा वर्दीत!

"अण्णा, नीट धरा, पाडताल मला!"

"गप ए. फौजेत खाऊन केवढा जड झालास!"

सगळे खदखदून हसले. तीनदा ताट उचललं. "येळकोट येळकोट जय मल्हार!" भंडारा उडाला, आई हसत हसत डोळे पुसत होती.

नंतर सामान काढायला गोठ्यात गेलो — खिडकी रिकामी. केबल नुसती लोंबत होती.

"काकू, इथला डबा कुठंय?"

"पाव्हण्यांची लेकरं हात लावतेत म्हणून म्या पेटीत ठिवला, कुलूप लावून."

"कधी?"

"तळीच्या आधीच की. निवद घेऊन निघाले तवा."

पेटी उघडली. राऊटर काकूंच्या नव्या लुगड्यात गुंडाळलेला होता.

दुसऱ्या दिवशी तपासलं. गोठ्यातला काढला की लिंबावरच्याला काहीच मिळत नाही. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेच. कॉलेजातले सर म्हणाले, घरातलं वायफाय त्या वेळी थेट पोचलं असेल. असेलही.

पण व्हिडिओ कॉलवर आवाज नेहमी जरा मागं राहतो. येळकोटाच्या वेळी दादाचा आवाज आमच्या बरोबरीनं उठला होता... आणि मला तो ताटातून आल्यासारखा वाटला नव्हता. शेवटी अण्णांनाच घाबरत विचारलं, दादा कुठून ओरडला?

"कुठून म्हंजे? दरसाली हुबा ऱ्हातो तिथनंच," कान चोळत अण्णा म्हणाले. "माझ्या डाव्या कानात. लईच वरडतंय बेणं!"