चाचींचा अंगठा आणि हँडलचे स्विच

जगातली कुठलीच वस्तू कायमची मोडत नसते, असं शांतपणे मानणारी एकच व्यक्ती मी पाहिली आहे, आणि घोटावड्यात मी तिच्याच घरात भाड्याने राहतो. नोकरीसाठी लातूरहून आलो त्या दिवशी आमच्या घरमालकीण चाचींनी माझ्या सामानावर नजर टाकली आणि आधी तुटकी छत्री मागून घेतली. चहा होईपर्यंत छत्री उघडत होती. साठी ओलांडलेल्या चाची कटलरीचं दुकान चालवतात. माल आणायला असो की ताम्हिणी घाट उतरून कोकणात जायला, त्यांना आपली लांब पल्ल्याची अवजड मोटारसायकलच लागते. मागे चाचा बसतात. घाट लागला की ते डोळे मिटून दर वळणाला विचारतात, "संपला का गं?" एकदा चाची "संपला" म्हणाल्या, चाचांनी डोळे उघडले, तर समोर दरी! तेव्हापासून ते चाचींच्या शब्दावर नाही, फक्त त्यांच्या चालवण्यावर विश्वास ठेवतात.

मागच्या हिवाळ्यात चाची अंगणात घसरल्या आणि त्यांचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण अंगठा वाकेना. आणि हॉर्न, इंडिकेटर सगळं डाव्या अंगठ्याखाली. डॉक्टर म्हणाले, गाडी विसरा. चाचा हळूच माझ्या खोलीत आले. "गाडीला गिऱ्हाईक बघ बाबा. तिला सांगू नको." चाची दारातच उभ्या होत्या. "अंगठा बिघडलाय, मी न्हाई," एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

एका रविवारी त्यांनी हँडलवरचे दोन्ही स्विच बदलायला काढले. नवे मोठ्या, हलक्या बटणांचे होते. हॉर्न आणि इंडिकेटर उजवीकडे. कापलेल्या प्रत्येक वायरीला त्यांनी खूण म्हणून दुकानातला केसांचा रंगीत रबर अडकवला, त्यामुळे गाडी शाळेला निघालेल्या मुलीसारखी दिसू लागली. स्विचचा डबा दोन फाकांचा, हँडलच्या दांड्यावर दोन्हीकडून मिटणारा. तो काही मिटेना. मी म्हटलं, "जोरात दाबू का?"

"थांब. आत खुंटी हाय. ती दांड्याच्या भोकात बसली न्हाई, तर समदं फिरत ऱ्हाईल."

डावा अंगठा वाकत नव्हता. तरी त्यांनी डबा पुन्हा उघडला, पुन्हा मिटवला, पुन्हा उघडला. शेवटी डबा बसला. त्यांनी इंडिकेटर दाबला आणि हॉर्न असा कोकलला की ओट्यावर बसलेल्या चाचांचा चहा लेंग्यावर सांडला. चाची मात्र खूश. "हॉर्न तर चालतोय!" दोन वायरींची अदलाबदल झाली होती, तेवढी त्यांनी निस्तरली.

ऊन उतरल्यावर मला मागे बसवून त्या कासारसाईच्या धरणाकडे निघाल्या. वाटेत वळणावर उसाचा ट्रॅक्टर अंगावर आला. उजव्या अंगठ्याने हॉर्न वाजला, गाडी अलगद कडेला झाली. इकडे माझे डोळे चाचांसारखे मिटलेले.

धरणावर त्या पाण्याकडे बघत हात चोळत बसल्या.

"दुखतोय?"

"व्हय. लई." दुखतंय हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "जाताना तू घे."

परत येताना माझ्या खांद्यावर त्यांच्या डाव्या हाताची चार बोटं टेकली होती.

"घाई करू नको," त्या मागून म्हणाल्या, "अजून उजेड हाय."

मी गाडी आणखी हळू केली.