किलरॉसची कोरडी भिंत

राजाराम गवंडी आयुष्यात कुणाला ‘शाबास’ म्हणाला नव्हता. कराडच्या आसपास त्याने चाळीस वर्षं दगडाची कामं केली. हाताखालच्या माणसाचं काम बरं झालं तर तो गप्प बसे, वाईट झालं तर पाडून टाके. मुलगा केदार बारा वर्षांचा असताना त्याने दारात ओटा रचला होता. राजारामने तो लाथेने पाडला आणि म्हणाला, “तू आपली शाळाच शीक.”

केदार शिकला. इंजिनियर झाला, न्यू जर्सीला आला, पिस्कॅटवेत नोकरीला लागला आणि तिथून तासाभरावरच्या किलरॉसमध्ये त्याने घर घेतलं. आई वारल्यावर त्याने बापालाही इकडे आणलं.

किलरॉस हे स्कॉटलंडहून आलेल्या मेंढपाळांनी वसवलेलं बाजाराचं गाव. त्यांनी आपल्या मुलखातल्यासारखाच चौक बांधला. मधोमध दगडी क्रूस, एका अंगाला धान्याचं कोठार, दुसऱ्या अंगाला मेंढरांचे कोंडवाडे. मेंढरं गेली, बाजार राहिला. दर शनिवारी तिथे सफरचंदं, चीज, मध आणि लोकर विकायला येते. क्रूसाच्या खांबाला एक भोक आहे. मापात मारणाऱ्याचा कान तिथे खिळ्याने ठोकत, असं बाजार समितीचा म्हातारा डंकन सांगे.

“बरं करायचे,” राजाराम म्हणाला. केदारने त्याचं इंग्रजी केलं नाही.

यंदा समितीने कोंडवाड्याची पडकी भिंत गावकऱ्यांच्या हातून पुन्हा उभी करायचं ठरवलं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. बाहेरून दोन पदर आणि मधलं पोट बारक्या दगडांनी भरायचं. जो आपला वाटा पुरा करील त्याने पायाच्या दगडावर आपली खूण कोरायची. पण रिवाज असा, की आधी जाणत्या गवंड्याने ‘उभी आहे’ म्हटलं पाहिजे. गावात जाणता गवंडी आता एकच होता.

केदारने सहा फुटांचा वाटा मागून घेतला. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून राबायचा. तळहात सोलले, एक नख गेलं. राजाराम समोर खुर्ची टाकून बसे.

“सांध्यावर सांधा आला. काढ.”

केदार काढी. परत रची.

“लॅपटॉप नव्हे तो, दगड आहे. दाब वरून येतो.”

शेवटचे दोन आठवडे राजाराम तापाने घरात पडून होता. तेवढ्यात केदारने वरची निम्मी भिंत उरकली.

खूण कोरायच्या सकाळी सून सुनेत्राने चहा पुढे ठेवला. “आबा, तुम्हाला विचारतील तेव्हा फक्त हो म्हणा. समितीतली जागा, गावातला मान, त्याला काही नको आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय त्याला.”

“भिंत बघून सांगीन.”

बाजार भरला होता. सगळ्यांच्या भिंती एकेक करून राजारामने तपासल्या. चौघांना मान डोलावली. केदारच्या भिंतीपाशी आला तेव्हा लोक थोडे पुढे सरकले. दिसायला तीच सर्वांत देखणी होती. लांब, सपाट दगड, ओळंब्यात रेघ मारल्यासारखे. केदार छिन्नी घेऊन तयार होता. नात अनया फोनवर शूट करत होती.

राजारामने वरच्या लांब दगडावर हात फिरवला. दगडाचं डोकं बाहेर आणि शेपूट भिंतीच्या पोटात जायला हवं. इथे दगड भिंतीच्या लांबीने आडवे निजवले होते. तसं केलं की काम लवकर सरतं.

“पोटात काय घातलंस?”

“आबा,” केदार हळूच म्हणाला, “हो म्हणा. एकदाच.”

राजारामने पहार मागितली. एक दगड उचकला. आतून फावड्याने ओतलेली खडी भसाभसा बाहेर आली, फाटक्या पोत्यातून दाणे यावेत तशी.

“दोनच हिवाळे टिकेल,” तो डंकनकडे बघत म्हणाला. “बर्फाने फुगेल आणि कुणाच्या तरी पोराच्या अंगावर पडेल. सांग त्याला.”

केदार सांडलेली खडी बुटाने परत आत लोटू लागला.

“सांग की! इंजिनियर ना तू?”

केदारने ते सगळं इंग्रजीत सांगितलं. शब्द न गाळता. मधवाली बाई तोंड फिरवून बरण्या पुसायला लागली. राजाराम दगड ओढून खाली टाकू लागला, तेव्हा अनया किंचाळली, “आबा, स्टॉप इट! ही वर्क्ड सो हार्ड!”

“मेहनत खोटी आहे, असं कोण म्हणतंय? भिंत खोटी आहे.”

केदारने छिन्नी क्रूसाच्या पायरीवर ठेवली, मुलीला गाडीत बसवलं आणि निघून गेला. राजाराम बाजार उठेपर्यंत एकटाच दगड लावत बसला. मोठे एकीकडे, बारके एकीकडे. तीन दिवसांत वरचा थर पुन्हा चढवायचा, असा त्याचा हिशेब होता. रविवारी पहाटेपासून तो स्वतःच रचायला लागला.

सोमवारी संध्याकाळी सुनेत्रा म्हणाली, “आबा, तुमचं उद्याचं तिकीट काढलंय त्याने. मुंबईचं.”

“परतीचं कधीचं?”

ती कणीक मळत राहिली.

विमानतळावर केदारने बॅग उतरवली, कागद तपासून दिले, औषधाची पुडी वरच्या खिशात कोंबली. राजाराम त्याच्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघत होता.

“दीड फूट राहिलंय. तू कर. घाई करू नकोस, पोट हाताने भर.”

“ती भिंत कंत्राटदाराकडे गेली, आबा. उरलेलं तो सिमेंटात बांधणार.”

“डंकनला कळत नाही का? रिवाज आहे त्यांचा.”

“डंकन नाही म्हणत होता. मी समितीला पटवलं. तुम्हीच सांगितलंत ना सगळ्यांसमोर, पोराच्या अंगावर पडेल म्हणून.”

राजारामने विचारलं, “खाली माझं रचलेलं आहे, त्यावरच ओतणार?”

“त्यावरच,” केदार म्हणाला आणि बॅगेची मूठ त्याच्या हातात देऊन गाडीकडे वळला.