पायलची पाण्याची बाटली

शंकर नगरातल्या एका शाळेत कलावती आया म्हणून लागली त्याला अठरा वर्षं झाली. तिच्या तोंडाला कोणी लागत नसे. मुख्याध्यापिका निवेदिता मॅडमसुद्धा जपूनच. पण चौथीतल्या पायलपुढे या बाईचा आवाज उतरायचा. पोरीचे पिवळसर डोळे, मधूनच गुडघे धरून बसणं तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं. सिकलसेल, रक्तातून पिढ्यांत उतरणारा हा आजार, तिच्याही घरात होऊन गेला होता.

तिचा मुलगा इंद्रजीत. थोरल्या मुलीची सोयरीक मोडू नये म्हणून कलावतीने त्याचा आजार शाळेपासून लपवला. दर खेपेला रजेच्या अर्जात ‘ताप’ लिहून पाठवला. मास्तरांना काय माहीत? ऐन थंडीत त्यांनी त्याला शर्यतीत पळवलं. तिसऱ्या दिवशी पोर गेलं. थोरलीचं लग्न मात्र ठरल्या तिथीला लागलं.

पायलची आई रूपाली एकदा फाटकाशी गाठून म्हणाली, “मावशी, शाळेत कोनाले सांगू नका. उद्या पोट्टीले कोन करून नेईल?”

कलावती “हव” म्हणाली खरी. पण जानेवारीत प्रार्थनेच्या वेळी पायल कळवळून खाली बसली आणि वर्गाच्या बाईंनी ‘नाटकं नकोत’ म्हणत तिला उभं केलं, तेव्हा कलावती तडक मॅडमकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

मॅडम समजूतदार निघाल्या. पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं म्हणून पायलला बाकावर बाटली, हवं तेव्हा बाहेर जायची मुभा, प्रार्थनेला उन्हात खुर्ची. बाटली भरायचं काम कलावतीचं. महिनाभर पोरीची एकही दिवस शाळा बुडाली नाही.

मग मॅडमनी चांगल्या मनाने डॉक्टरांचा कागद मागितला आणि कलावतीने सांगितल्याचं रूपालीला कळलं. ती कलावतीच्या अंगावरच आली. “तुमची पोट्टी उजवून झाली, म्हनून सुचून राहिलं तुमाले!”

खोटं थोडंच होतं ते?

आठवड्यात दाखला निघाला. नवी शाळा तेलीबांध्याला. तिथे ओळखीचं कोणी नाही, म्हणूनच ती निवडलेली.

शेवटच्या दिवशी बाटली भरून देताना कलावती म्हणाली, “घडीघडी पानी पेजो, माय. दुखलं तं बाईले खरं सांगजो.”

मराठी सारं समजणारी पायल नेहमीसारखी हिंदीत बोलली, “मम्मी ने बोला है मौसी, बुखार बताना.”