अडलेली झडप आणि आमची सरूअक्का

फोन आला तेव्हा मी बीदरला कचेरीच्या जिन्यात उभा होतो. अक्काच्या शेजारची महादेवी बोलत होती. ती एरवी आमच्याशी मराठीतच बोलते, पण त्या दिवशी तिच्या तोंडून कन्नडच आलं, "अण्णा, बेग बर्री." लवकर या... कशाला, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, दाजी गेले. अर्धांगवायूनं उजवी बाजू आणि वाचा घेतलेला माणूस, कधीतरी हा फोन येणार हे मनात धरलेलंच होतं. त्यांच्या गावापर्यंत, खटकचिंचोळीपर्यंत, बसमध्ये मी अक्काला काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होतो. आता तरी चार दिवस माझ्याकडे येऊन राहा, जरा बस, असं काहीतरी. अंगणात शिरलो तर दाजी खुर्चीत बसलेले होते, डोळे उघडे, माझ्याकडे बघत. आणि अक्का आत जमिनीवर, पदर नीट केलेली, हलत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला न हलताना बघितलं. सकाळी दूध तापवताना छातीत कळ आली म्हणे, आणि गॅस बंद करून ती खाली बसली ती बसलीच.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. मराठी शाळेत मास्तरीण होती, निवृत्त झाली, पण बसणं तिला कधी जमलंच नाही. जेवताना दोनदा उठायची. पाहुणा पाणी पिऊन होईतो तिचं अंगण झाडून व्हायचं. माझ्याकडे बीदरला मुक्कामाला आली तर दुसऱ्या दिवशी दुपारीच पिशवी भरून दारात उभी. "शिवा, मला सोड बसला. अंगात मुंग्या यायलेत." दाजी अगदी उलटे. बी-बियाणांचं दुकान, बोलणं हळू, चालणं हळू. त्यांना नाद एकच, गाडीचा. डिझेलची ती गाडी ते स्वतः धुवायचे, स्वतः उघडायचे, आणि रविवारी बॉनेटखाली डोकं घालून बसले की जेवायला तीन हाका माराव्या लागायच्या. अक्का म्हणायची, "लग्न माझ्याशी झालं, संसार हिच्याशी चालूय." दाजी नुसते हसायचे.

अर्धांगवायूनंतर ते हसणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डावा हात तेवढा हलत होता. माणसं ओळखायचे, सगळं समजायचं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. काही दिवस त्यांनी प्रयत्न केला, मग सोडून दिला. खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. अक्का मात्र आणखीच भिरभिरायला लागली. गाडी चालवायला ती याआधीच शिकली होती, आता तीच त्यांना व्यायामासाठी आणि बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे बीदरला नेऊ लागली. आणि नेमकी तेव्हाच गाडी बिघडली. सपाटीला बरी चालायची, पण बीदरच्या अलीकडच्या चढाला लागली की जीव सोडायची. मागून ट्रक भोंगे वाजवायचे, अक्का दुसऱ्या गिअरमध्ये रडतकढत वर यायची, आणि शेजारी दाजी डोळे मिटून घ्यायचे. गाडी अशी झालेली त्यांना बघवत नव्हती.

भालकीच्या मेकॅनिकनं सांगितलं ते मला अक्कानंच समजावलं. गाडीतून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचं चाक फिरतं आणि इंजिनात जादा हवा कोंबतं. दाब फार वाढला की थोडा धूर आडवाटेनं सोडून देणारी एक छोटी झडप असते, तिला वेस्टगेट म्हणतात. ती काजळीनं उघडी राहून अडली होती, आणि तिला ओढणारी दांडीवाली डबीही कामातून गेली होती. म्हणून दाब टिकत नव्हता. पूर्ण टर्बोच बदलू, गाडी सोडून जा, असं तो म्हणाला. त्याच्या जागी तो बरोबरच होता, पण त्याच्याकडे कामं तुंबलेली, किती दिवस लागतील ते सांगता येईना. अक्काला थांबणं शक्य नव्हतं. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, मध्ये खंड पडला तर ते पुन्हा मिटून जातील. तिनं हैदराबादला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडून नवी डबी मागवली आणि मला फोन केला. "रविवारी ये. आपण घरीच बसवायलोत."

"अक्का, तुला येतं का काही?"

"मला कामून यावं लागतंय? यांना येतंय की."

गेलो तर गाडी अंगणात कडुलिंबाखाली, बॉनेट उघडं, आणि दाजींची खुर्ची बंपरला टेकवून ठेवलेली. मला वाटलं, दाजी तोंड फिरवतील. सुरुवातीला फिरवलंच त्यांनी. अक्का पाने घेऊन वाकली, वरचा पत्रा काढला, आणि भलत्याच नटाला पाना लावला... तसा डाव्या हाताचा पंजा हवेत गेला. नाही. बोट खाली, आणखी खाली, डावीकडे. अक्कानं पाना हलवला. बोट थांबलं. मी टॉर्च धरून उभा होतो, मला त्या बोटाचा अर्थ लागत नव्हता, पण तिला लागत होता. दुपारपर्यंत दोघांचं असंच चाललं. ते हळू म्हणून हात दाबायचे आणि ती घाई करायची. "व्हय, कळलं, कळलं," म्हणत ती पान्यावर अंगाचा सगळा भार टाकायची.

आणि शेवटचा गंजका बोल्ट कट्कन मोडला. डोकं पान्यात राहिलं, धड आत. अक्का पाना हातात घेऊन तशीच उभी. मला वाटलं, आता रडते. तेवढ्यात मागून एक विचित्र आवाज आला. खोकला आहे असं वाटून मी वळलो, तर दाजींचे खांदे हलत होते. तोंड एका बाजूला वाकडं, डोळ्यात पाणी... ते हसत होते.

अक्का बघतच राहिली. "हासले! शिवा, हासले बघ हे!" आणि दुसऱ्याच क्षणी कमरेवर काळे हात ठेवून, "इतके दिवस हासायला माझा बोल्ट मोडायची वाट बघायलेत व्हय तुम्ही?"

मग मोडका तुकडा काढायचा कसा, इथं आम्ही अडकलो. तेल सोडून झालं, पकडीनं धरून झालं, तो हलेना. दाजी अस्वस्थ झाले. हात हलवू लागले, घराच्या आत कुठंतरी दाखवू लागले. अक्कानं पाणी आणलं, नको. गोळी आणली, नको. मग त्यांचे ओठ हलायला लागले. मान ताणली गेली, कपाळावर शीर उठली.

"मे..."

आम्ही दोघं जागीच थबकलो.

"मे... मे..."

"मेलं?" अक्का म्हणाली. "व्हय, मेलंच बोल्ट."

त्यांनी खुर्चीच्या हातावर चापट मारली. नाही! पुन्हा तेच, "मे... मे..." आणि मग एक बोट ताठ उभं धरून त्यावर वाकड्या ओठांनी फुंकर मारली. अक्का मिनिटभर बघत राहिली आणि एकदम ओरडली, "मेणबत्ती!" दाजींची मान खाली गेली. हो. थकून गेले होते.

गल्लीत फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून मी गॅसची टॉर्च आणली. तुकडा तापवायचा, मग त्याला मेणबत्ती लावायची, वितळलेलं मेण गंजलेल्या आट्यात शिरतं, हे दाजींना ठाऊक होतं. तीन-चारदा तसं केल्यावर पकडीत तुकडा किंचित फिरला. अक्कानं या वेळी घाई केली नाही. त्यांच्या बोटाकडे बघत, जरा पुढे, जरा मागे, अशी त्याला आळवत राहिली, आणि तो बाहेर आला. मग झडप तेल घालून मोकळी केली, नवी डबी बसवली, दाजी मान हलवतील तशी दांडीची लांबी जुळवली. ऊन उतरताना आम्ही तिघं बीदरच्या रस्त्याला लागलो. चढ आला. अक्कानं पाय दाबला आणि गाडी सरळ वर निघाली, एका दमात. दाजींनी डॅशबोर्डवर थाप मारली. अक्काचे ओठ घट्ट मिटलेले होते, तेवढं मला मागून आरशात दिसलं.

त्यानंतर शब्द येत गेले. आधी 'मेण', मग 'चहा', मग 'सरू'. बोलायला शिकवणाऱ्या बाईंना नवल वाटायचं. अक्का त्यांना सांगायची, आमच्या शाळेत बोल्ट मोडायला लागतंय.

शेतात तिला समाधी दिली त्या दिवसापासून दाजी पुन्हा गप्प झाले. त्यांची लेक हैदराबादला न्यायला आली, त्यांनी खुर्चीचा हात सोडला नाही. मग त्यांचं दोन वेळचं महादेवीच बघायला लागली. मीही कुठं धड बसलो नाही. कचेरीत बसवत नाही, घरी बसवत नाही, जेवताना उठतो, बायको नुसती बघते. शेवटी दर शनिवारी खटकचिंचोळीला जायला लागलो. दाजींना गाडीत बसवतो, बीदरला त्या बाईंकडे नेतो, परत आणतो. ते खिडकीतून बघत राहतात. मी एकटाच बोलतो.

गेल्या शनिवारी परत आलो, अंगणात गाडी लावली आणि किल्ली फिरवायला हात नेला... तसा त्यांच्या डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"थांब."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते. मग आठवलं. लांबून आलं की अक्का इंजिन लगेच बंद करत नसे. टर्बो तापलेला असतो, जरा निवू दे, असं दाजींनीच कधीकाळी शिकवलं होतं तिला. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती तेवढा वेळ बसायची. काही बोलायची नाही, कुठं बघायची नाही. दारात चपला न काढता आत धावणारी बाई, पण तेवढं मात्र बसायची, यांच्या शेजारी. मी हात मागे घेतला. इंजिन हळू धडधडत होतं. महादेवी दारातून बघून आत गेली. दाजींनी माझं मनगट सोडलं नाही, आणि मीही उठायची घाई केली नाही.