कौसल्याकाकूंचं माप

अंबडच्या निम्म्या बायकांची ब्लाऊजं एकेकाळी कौसल्याकाकूंच्या हातची असायची. दहावीनंतर मी त्यांच्याकडे शिवण शिकायला जायचे. कुणी मापाला जुनं ब्लाऊज आणलं, की काकू ते बाजूला सारून टेप काढायच्या. बाळंतपणात सुटलेल्या, आजारपणात वाळलेल्या, सगळ्या त्यांच्यापुढे निमूट उभ्या राहायच्या. माझी टीप वाकडी गेली की हातावर टेपचा फटका बसायचा. तो फटका खायला मी बदनापूरचं माझं दुकान बंद करून आजही जाईन, इतके ते दिवस चांगले होते.

दोन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे काकूंचा डावा स्तन काढावा लागला. केमोत केस गेले, ते परत आले. काकू मात्र परत आल्या नाहीत, असंच मला वाटायचं. मशीनवर चादर पडली. अंगात ढगळ गाऊन, वर छातीशी ओढून धरलेली ओढणी. यंदा धाकट्या लेकीचं, पायलचं लग्न ठरलं, तर म्हणाल्या, मी मांडवात येणार नाही. विहिणींची गळाभेट असते, तिला मी कशी उभी राहू?

मला भलतंच शहाणपण सुचलं. पायलकडून काकूंचं जुनं ब्लाऊज मागवलं, त्याच मापाचं नवं शिवलं आणि डावीकडे आतून स्पंजचा कप बसवला. कुणाला पत्ता लागला नसता.

काकू ते घालून आरशापुढे उभ्या राहिल्या. बराच वेळ शिलाईवरून हात फिरवला. मी शाबासकीची वाट बघत होते.

"बराबर शिवलंस," त्या म्हणाल्या. "पण हे कुणाचं हाय गं? मला तर तू शिवलंच न्हाई."

मी शरमेनं अर्धी झाले. त्यांनी ब्लाऊज उतरवलं, टेप माझ्या हातात दिला आणि तशाच समोर उभ्या राहिल्या. व्रण बघून माझा हात जागीच थांबला.

"घे माप. डाव्या बाजूला टक्स नको, सपाट बसू दे."

आवाज शिकवतानाचाच होता. मला रडू फुटलं, तर म्हणाल्या, रडायचं तर रड, पण टेप ढिला सोडू नको.

लग्नात पायलच्या सासूबाई भेटीला आल्या आणि दोन हात अंतरावरच थबकल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. मांडवातल्या बायका बघत होत्या. काकूंनीच पुढे होऊन त्यांना ओढलं आणि छातीशी घट्ट धरलं.