सासूबाईंची जीप

आमच्या सासूबाईंच्या हातांना कायम रॉकेलचा वास यायचा. प्रशांतशी लग्न होऊन नागभीडला आले, पाया पडले, तेव्हा पाठीवरून फिरलेल्या हाताचा तो वास अजून आठवतो.

परसात जांभळीखाली विटांवर एका जुन्या जीपची चेसिस, म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा, ठेवलेली होती. सासरे जन्मभर ती जीप एका लाकूड ठेकेदाराकडे चालवत होते. धंदा बंद करताना ठेकेदाराने ती त्यांनाच दिली. नव्यासारखी करायची म्हणून त्यांनी ती पूर्ण उघडली, बॉडी डेंटिंगवाल्याकडे पाठवली, आणि त्याच पावसाळ्यात ते गेले. धाकटे दीर म्हणाले, "भंगारात देऊन टाकू." सासूबाई म्हणाल्या, "तुह्या बाबानं उघडून ठेवली. मी अशी कशी देऊ?"

जेवणं झाली की त्या रॉकेलच्या फडक्याने जुनं ग्रीस पुसत, मग तारेच्या ब्रशने गंज काढत बसायच्या. घाई कसलीच नव्हती. जांभळीतून झिरपणाऱ्या उन्हात गंजाची तांबडी धूळ तरंगायची, त्यांच्या पापण्यांवर बसायची. मीही पॉलिश पेपर घेऊन शेजारी बसू लागले. मध्येच त्यांचा हात थांबायचा. तेव्हा वाटायचं, या इथे नाहीतच, कुठल्या तरी सागाच्या जंगलातून चालल्या आहेत.

एकदा गंजाखालून वेल्डिंगचा जाड वळ निघाला. त्यांनी त्यावर तळवा ठेवला.

"हेमलकशाच्या रस्त्यानं नाल्यात आपटली होती. प्रशांत पोटात होता माह्या. गाडी दुरुस्त होईस्तोवर तुहे सासरे अन् मी झाडाखाली बसून होतो. इतके निवांत ते मले पुन्हा कधी दिसले नाई."

डेंटिंगवाला तो वळ घासून सपाट करू म्हणाला. "राहू दे, भाऊ," एवढंच त्या बोलल्या.

मग पुन्हा गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साईडचा हात, तो वाळल्यावर काळा रंग. माझ्या हातून ओघळ आले, तर म्हणाल्या, "वाळू दे. मंग घासू." माझ्या बहुतेक चुकांवर त्यांचं उत्तर हेच असे.

बॉडी बसवायला माणसं आली, त्या दिवशी त्यांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "उद्या या. एकदा झाकली का मंग दिसनार नाई." आणि त्या चमकत्या काळ्या सांगाड्याशेजारी खाट ओढून संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या.

पुढच्या थंडीत त्या गेल्या. त्याआधी, जीप चालू झाल्यावर, तिच्यातून त्यांच्यासोबत मी एकदाच फिरले. प्रशांत म्हणाला, "आई, समोर बस."

"तिले बसव. ती बायकोची जागा आहे," म्हणत त्या मागे चढल्या.

गाव मागे पडलं, धानाची शेतं लागली. मी वळून पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, शेजारी बसलेल्या कुणाशी बोलावं तसे ओठ हलत होते. इंजिनाच्या आवाजात शब्द कळले नाहीत. "वळवू का गाडी?" प्रशांतने विचारलं. मी हातानेच खूण केली, चालू दे.